साडेचार फुटांचं दार

आमच्या साडूंनी उभ्या आयुष्यात कुठल्याही दारातून ताठ मानेनं प्रवेश केलेला नाही, आणि त्यांचं चाललं असतं तर दुसऱ्या कोणालाही करू दिला नसता. माणूस सहा फुटांच्या वर. लहानपण गेलं कोकणातल्या बुटक्या चौकटींच्या घरात. कपाळाला जेवढी टेंगळं आली तेवढीच अक्कल आली, असं ते स्वतःच सांगतात. तेव्हापासून दार दिसलं की मान खाली. आता आम्ही राहतो त्या परदेशी गावात, पापाकुरात, सुपरमार्केटची काचेची दारं आपोआप सरकतात, छत दोन पुरुष उंच असतं, तरी हे वाकून आत जातात. ट्रेनमध्ये शिरताना वाकतात. विमानात तर वाकावंच लागतं, म्हणून तिथं दुप्पट वाकतात. एकदा आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात, म्हणजे इथल्या भाषेत डेअरीत, दूध आणायला गेले आणि सवयीनं दारात वाकले. काउंटरमागच्या गुजराती मालकाला वाटलं, हे आपल्यालाच नमस्कार करतायत. तोही बिचारा उठून वाकला. मग ह्यांना वाटलं, माणूस फार सुसंस्कृत आहे, म्हणून हे पुन्हा वाकले. आता तिथं एक लिटर दूध घ्यायला पाव तास लागतो आणि मागची गिऱ्हाइकं ताटकळत राहतात.

माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला मीही ताईच म्हणतो, तिचे हे यजमान. ते मला साडूबुवा म्हणतात, मी त्यांना भाऊसाहेब म्हणतो, आणि पाठीमागं आम्ही एकमेकांना काय म्हणतो ते आमच्या बायकांना ठाऊक आहे. पेशानं फार्मासिस्ट. पापाकुरात त्यांनी इतकी वर्षं औषधं दिली की अर्ध्या गावाची पोटं त्यांना नावानिशी माहीत आहेत. पण औषध देण्यात हा माणूस महाकंजूष. डोकेदुखीची गोळी मागायला आलेल्याला आधी झोप, मग पाणी, मग सासू, अशा क्रमानं प्रश्न विचारायचे, आणि बहुतेक जण तिसऱ्या प्रश्नाला मन मोकळं करून गोळी न घेताच घरी जायचे. "औषध म्हणजे पाहुणा," असं त्यांचं मत. "कमीत कमी बोलवावा आणि वेळेवर घालवावा." ही सवय घरातही शिरली होती. एकदा माझं बायकोशी वाजलं आणि मी तणतणत त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "साडूबुवा, वाद उपाशीपोटी घालू नये. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर." मी जेवून घरी परतलो तोवर वादाचा विषयच विसरलो होतो, आणि बायको मात्र तोच धरून बसली होती.

निवृत्त झाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे सुखानं बागेत वांगी लावतील. वांगी लावलीही. पण एका संध्याकाळी आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर चहा घेत बसलो होतो, तेव्हा एकदम म्हणाले, "आयुष्यभर दुसऱ्यानं बनवलेल्या गोळ्या दुसऱ्यानं बनवलेल्या बाटल्यांत भरल्या. माझ्या हातची म्हणावी अशी एक वस्तू ह्या जगात उभी नाही. तुमचं बरं आहे."

"माझं काय बरं आहे?" मी विचारलं.

"तुम्ही निदान हे डेक बांधलंत."

आमचं डेक शेजाऱ्याच्या बाजूला इतकं कललेलं आहे की लिंबू ठेवलं तर ते त्याच्या कुंपणाला जाऊन लागतं. पण ते मी बांधलंय हे खरं. त्यांनी ज्या नजरेनं त्या फळ्यांवरून हात फिरवला, ती नजर बघून मला थट्टा सुचेना. हे जरा नवलच, कारण मला सहसा सुचते.

अशा वेळी पापाकुरातल्या आमच्या मराठी मंडळाला फिजीतल्या एका लहानशा बेटावरचं देऊळ सापडलं. तिथं इंग्रजांच्या काळात आपल्याकडून ऊसतोडीला नेलेल्या मजुरांची नातवंडं-पतवंडं राहतात. त्यांचं पत्र्याचं जुनं मारुतीचं देऊळ वादळात उडून गेलं होतं. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर. ते सुट्टीत तिथं पोहायला गेले आणि येताना डोळ्यांत पाणी आणि फोनमध्ये फोटो घेऊन आले. पापाकुराच्या हॉलमध्ये सभा भरली. आपण जायचं, स्वहस्ते देऊळ बांधायचं, असं ठरलं. ज्यांच्या घरी बल्ब बदलायलाही माणूस बोलावतात, ते सगळे हात वर करून बसले. अध्यक्षांनी पडद्यावर नकाशा दाखवला. गाभाऱ्याला आठ फुटी दार, काचेचं. साडू उठले, माइकसमोर वाकले आणि म्हणाले, "आठ फुटी दारातून माणूस देवाला भेटायला जात नाही, इन्स्पेक्शनला जातो. दार बुटकं हवं. वाकल्याशिवाय घेतलं ते दर्शन नव्हे." सभा गप्प झाली. एक तर वाक्य चांगलं होतं, आणि दुसरं म्हणजे चहा थंड होत होता. ठराव पास झाला. गाभारा आणि त्याचं दार, ही जबाबदारी साडूंची.

जुलैच्या, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्याच्या, गारठ्यात आम्ही निघालो आणि तिकडे उतरलो तर घामाच्या धारा. सेवेकऱ्यांचे टी-शर्ट सिमेंटच्या आधी पोचले होते, पाठीवर मोठ्या अक्षरांत 'सेवक' छापलेले. साडूंच्या मापाचा नव्हताच. त्यांचा 'सेवक' बेंबीच्या वरच संपत होता. रोज सकाळी आरती, मग आज काय करायचं यावर बैठक, आणि बैठक आटपेपर्यंत गावातल्या माणसांनी ते करून टाकलेलं असे. खडीच्या एका ढकलगाडीला दोघं ढकलणारे आणि पाच जण फोटो काढणारे. अध्यक्ष पायात रबरी जँडल चपला घालून सिमेंट कालवत आणि दर वेळी स्वतःच त्यात रुतत. सेवेचा उत्साह दुपारच्या जेवणापर्यंत कसाबसा तग धरी, मग मंडळी पोहायचे टॉग्ज चढवून समुद्रात. गावच्या बायका आम्हाला पोटभर डाळभात आणि अळकुड्यांची भाजी वाढायच्या आणि आमच्या हातांवरचे फोड बघून हळहळायच्या. सेवा कोण कोणाची करत होतं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

अपवाद एकटे साडू. हा माणूस तिथं पेटलाच. पहाटे उठून ओळंबा लावून बसत. गोळी देताना हात आखडणारा माणूस लोखंडाच्या बाबतीत असा सैल सुटला की विचारू नका. नकाशात एक सळई असेल तिथं दोन, दोन असतील तिथं चार. भिंत हातभर जाडीची सांगितली तर दीड हात. "वादळाचं गाव आहे," ते म्हणत. "इथं डोस वाढवायलाच हवा." देवळाची व्यवस्था बघणारे शिवप्रसादभैया, उन्हानं रापलेला, हसऱ्या डोळ्यांचा म्हातारा, रोज येऊन त्या सळ्यांच्या जंगलाकडे बघत उभे राहायचे. एकदा त्यांनी हळूच विचारलं, "भैया, मंदिर बनत है कि बंकर?" साडू वाकून म्हणाले, "दोन्ही." आणि ताईंनी, चहा देता देता, एकदाच विचारलं होतं, "अहो, मूर्ती आधी आत बसवतात ना? दार मग करतात." मूर्ती जयपूरहून निघाली होती आणि तिचा कंटेनर बंदरात अडकला होता, कारण पेटीतल्या पेंढ्यात किडे आहेत की काय याची तपासणी चालू होती. आमच्या रजा संपत आल्या होत्या, आणि स्लॅब पडताना आपण फोटोत असलंच पाहिजे असं प्रत्येकाला वाटत होतं. साडू म्हणाले, "मी मूर्तिकाराला फोन करून विचारलंय. मूर्ती चार फूट. दार साडेचार. अर्धा फूट तर मोकळाच आहे." ताईंनी कप उचलले.

स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं आणि दार तयार झालं. खरं सांगतो, सुंदर झालं होतं. साडूंनी स्वतः थापी धरून चौकट घोटली होती, कडा अशा की हात फिरवावासा वाटे. आम्हा सगळ्यांना त्यांनी एकेक करून आत पाठवलं. सगळे वाकले. अध्यक्ष फोनकडे बघत गेले आणि कपाळमोक्ष करून घेतला. साडू बाहेर उभे राहून प्रत्येकाची वाकलेली पाठ बघत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना असं आनंदी बघितलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही ते इतके खूश दिसत नाहीत, आणि ताईंनाही हे मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी पेटी आली. फळ्या निघाल्या, पेंढा निघाला आणि मारुतीराय प्रकटले. पांढराशुभ्र संगमरवर, मुद्रा प्रसन्न, एक पाय पुढे. उजवा हात वर उचललेला, हातात गदा, आणि ती गदा डोक्याच्याही हातभर वर गेलेली. पायाखाली एकसंध कोरलेला कमळाचा चौथरा. बायकांनी लगेच हळदकुंकू वाहिलं, हार घातला, आरती झाली. मग सगळ्यांचं लक्ष हळूहळू दाराकडे गेलं. ताईंनी मूर्तीकडे बघितलं, दाराकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि ओढणी खोचून त्या चहा टाकायला निघून गेल्या.

साडूंनी गदेच्या टोकापर्यंत नजर नेली. म्हणाले, "मी मारुतीची उंची विचारली होती. गदेची वेगळी विचारायची असते, हे मला कोणी सांगितलं नाही."

माझा धंदा मालवाहतुकीचा. हयात उचल-ठेव करण्यात गेली. मी म्हणालो, त्यात काय, तिरका करू आणि सरकवू आत. तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन परत आल्या होत्या. "आडवा?" त्या म्हणाल्या. "घरातून आडवं करून कोणाला नेतात, माहितेय ना?" मी म्हटलं, अहो, जयपूरपासून इथवर आडवाच आलाय. "तेव्हा पेंढ्यात होता," त्या म्हणाल्या. "आता आरती झाली." गावातल्या सगळ्या बायका माना डोलवत होत्या. वरून सोडावा तर स्लॅब पडलेला. राहता राहिली भिंत. अध्यक्ष म्हणाले, "चौकट काढू. दाढ काढतो तशी." पण दाढेला मुळं असतात, आणि ह्या दाढेला साडूंनी चौपट दिली होती. गावातला ड्रिल तासभर किंचाळला आणि नखाएवढा खळगा पाडून बंद पडला. आता घणच घालायला हवा होता.

साडूंनी घण कोणाला उचलू दिला नाही. "मी केलंय, मीच पाडतो," म्हणाले. दारासमोर जाऊन उभे राहिले. घण वर उचलला आणि तो वरच राहिला, मागच्या मारुतीच्या गदेसारखा. चेहरा पांढराफटक पडला होता. इतका वेळ फोटो काढणाऱ्यांनीही फोन खाली केले. शिवप्रसादभैया पुढे झाले, त्यांनी घणाचा दांडा धरला आणि हलकेच खाली घेतला. "रहने दो भैया," ते म्हणाले. "हनुमानजी बाहर रही. सबके देखी." मारुती बाहेर राहील, सगळ्यांवर लक्ष ठेवील. मग मारुतीला सभामंडपात, पत्र्याखाली, गाभाऱ्याच्या दाराकडे तोंड करून बसवलं, आणि आत भैयांच्या घरची रामाची तसबीर ठेवली. अध्यक्षांनी मात्र बजावलं की ही व्यवस्था तात्पुरती. मूर्ती बाहेर आणि आत नुसती तसबीर, हे बरं दिसत नाही. पुढच्या जुलैत मशिनरी आणून भिंत पाडायची. तसा ठराव केला आणि त्याला अनुमोदन दिलं आमच्या साडूंनी, सर्वांत आधी हात वर करून.

पापाकुरात परत आल्यावर लोकांनी त्यांना धारेवर धरलं. कोणाकडे नवा सोफा आला की "भाऊसाहेबांना बोलवा, दार मोजायला." दिवाळीच्या कार्यक्रमात पोरांनी चक्क नाटुकलं बसवलं, इंग्रजीतून. साडू पुढच्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी हसत होते. पण पुढच्या जुलैचा विषय निघाला की उठून वांग्यांना पाणी घालायला जात. मग त्यांची पाठ धरली. माझी बायको नर्स आहे. ती म्हणाली, "भाऊजींचं चालणं मला आवडत नाही." तपासण्या झाल्या, नोव्हेंबरात मणक्यांचं ऑपरेशन झालं, स्क्रू आणि सळ्या घालून. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाले, "साडूबुवा, मलाही डबल डोस घातला." वाकायचं नाही, असं सर्जननं सांगितलं. थोडे दिवस नाही, कायमचंच. सुपरमार्केटच्या दारातून ते पहिल्यांदा ताठ आत गेले तेव्हा चोरी करायला आल्यासारखे दिसत होते. डेअरीचा मालक उठून वाकला, ह्यांना वाकता येईना. त्याला वाटलं, शेठ रागावले. शेवटी ताईंना जाऊन समजूत घालावी लागली.

फेब्रुवारीत त्या बेटावरून वादळ गेलं. फोन बंद, बातम्यांत नुसते नकाशे. साडू आरामखुर्चीत फोन मांडीवर घेऊन बसून राहिले. जेवायला उठेनात. ताईंनी उपाशीपोटी काळजी करू नये म्हणून सांगून बघितलं, त्यांचंच औषध, लागू पडलं नाही. कित्येक दिवसांनी भैयांचा फोन आला. आम्ही सगळे तिथंच होतो. घरांचे पत्रे गेले, भैया सांगत होते, शाळेचं छप्पर गेलं, मंडपाचा पत्रा समुद्रात गेला. पण माणसं सगळी आहेत. म्हातारीकोतारी, तान्ही पोरं, सगळा गाव त्या गाभाऱ्यात होता, दाटीवाटीनं, भिंतीला पाठ लावून. "दरवाजा छोटा रहा," ते म्हणाले, "तो हवा अंदर नहीं घुसा." मारुती एकटा बाहेर, उघड्यावर पावसात उभा होता. गदेचं टोक तेवढं मोडलं.

साडूंनी फोन ताईंच्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचे खांदे हलत होते. माझेही डोळे भरून आले. थट्टा करायला माझी जीभ कायम तयार असते, पण त्या दिवशी मी नुसता त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

पुढच्या वार्तापत्रात अध्यक्षांनी मंडळाच्या दूरदृष्टीबद्दल दोन पानं लिहिली. बुटकं दार ही मुळातच सुरक्षेची योजना होती, हे आम्हाला त्यातून समजलं. भिंत पाडायचा ठराव कोणी रद्द केला नाही. त्याचा विषय काढणं तेवढं सगळ्यांनी बंद केलं. आमच्या मंडळात ठराव असेच मरतात.

जुलैत आम्ही मंडपाचं छप्पर घालायला पुन्हा गेलो. साडू हट्टानं आले. पाठीला पट्टा, हातात काठी, आणि ह्या वेळी मापाचा टी-शर्ट. होडीतून उतरले ते तडक देवळात. मारुतीपुढं हात जोडले, मोडक्या गदेवरून बोट फिरवलं आणि गाभाऱ्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. चौकट त्यांच्या छातीशी येत होती. पट्टा घट्ट कसलेला होता, गुडघे वाकवून बघितले, काठी टेकून बघितली, जमेना. आतली रामापुढची समई दिसते का म्हणून तिरके होऊन बघायला गेले, तेही जमलं नाही.

मी वाकून आत गेलो. वादळात पोरांना रमवायला कोणीतरी कोळसा दिला असावा. भिंतीवर खालच्या बाजूला होड्या, मासे, एक भलामोठा शेपटीवाला मारुती काढलेला होता. मी भराभरा फोटो काढले आणि बाहेर येऊन फोन त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मान वळवली. "नको साडूबुवा," म्हणाले. "वाकल्याशिवाय घेतलं ते दर्शन नव्हे."

शिवप्रसादभैया जवळच होते. त्यांना काय झालं ते कळलं. ते म्हणाले, आता मशीन आहे, माणसं आहेत, भैयासाठी दार वरून थोडं वाढवून घेऊ. साडूंनी काठी जमिनीवर आपटली. "खबरदार," ते म्हणाले. "एक बोटभरसुद्धा नाही." मग भैयांनी एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि मारुतीच्या शेजारी ठेवली, दाराकडे तोंड करून. साडू ताठ पाठीनं तिच्यावर बसले.

संध्याकाळच्या आरतीला गाव जमला. लहान पोरं वाकायची गरज नसल्यामुळं धावत आत-बाहेर करत होती. मोठी माणसं वाकून आत जात होती आणि वाकून बाहेर येत होती, आणि बाहेर येताना प्रत्येकाचं डोकं मारुतीपुढं आणि त्याच्या शेजारच्या खुर्चीपुढं झुकत होतं. साडू ओशाळले. एका म्हातारीनं बाहेर येऊन, मारुतीला केला तसाच, त्यांनाही वाकून नमस्कार केला. सवयीनं त्यांची मान पुढे यायला निघाली, पट्ट्याशी अडली. तेव्हा त्यांनी डोळे तेवढे खाली केले, आणि शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत ते तसेच खालीच ठेवले.